एकच कानातलं

मोहाडी, जि. भंडारा
ता. १६ मार्च २०२५

प्रिय दिलमाया,

जय भीम. पत्राला फार उशीर झाला, माफ कर. नवीन वर्ष लागायच्या आधीच लिहायला पाहिजे होतं, आणि आता उन्हाळी धान गुडघ्याएवढं आलं. तुझ्या सासूला, मालनला, मी सांगत होतो की डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, डॉक्टरने वाकून लिहायला मनाई केली आहे. डॉक्टरने एवढंच म्हटलं होतं की पंधरा दिवस डोक्यावरून पाणी घेऊ नका. लिहायची मनाई कोणीच केली नव्हती. दोन वेळा वही घेऊन बसलो. एकदा 'प्रिय' लिहून थांबलो, एकदा तुझ्या नावापर्यंत गेलो. मी सातवी शिकलेला माणूस, जोडाक्षरं चुकतील, ती सांभाळून घे. तुला वाचायला सोपं जावं म्हणून अक्षर मोठं काढतो आहे.

घरचं सांगतो. मालनची तब्येत बरी आहे, गुडघे तेवढे बोलतात. ती तुझी आठवण काढते असं लिहिलं तर तुला वाटेल की सासरचे लोक पत्रात असंच लिहितात. पण तू अंबाडीची भाजी तोंडात घालून 'आमा, हे तर आमचं गुंद्रुकच' म्हणाली होतीस ना, तेव्हापासून ती अंबाडीला गुंद्रुकच म्हणते. बाजारात भाजीवालीलाही तसंच विचारते. हर्षा जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये सुखी आहे, जावयाची फॅक्टरीतली ड्यूटी बदलली, आता रात्रपाळी नाही. महिन्यातून एकदा येते. माझ्याशी कामापुरतं बोलते. का, ते पुढे येईल.

सानगडीचा भैय्यालाल आखातातून सुट्टीवर आला आहे, तुम्हा दोघांना ओळखणारा इथे तोच एक. त्याच्याकडूनच कळलं की तू सुगतच्या खोलीवरून निघून गेलीस आणि हॉटेलच्या लॉन्ड्रीतल्या मैत्रिणींसोबत राहतेस, एका खोलीत सहा जणी. सायप्रस की काय नावाच्या देशात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायचं काम आहे, त्याचे कागद तू भरलेस, आणि ईद झाली की जाशील. भैय्यालाल म्हणाला, "काका, सुगत आता रोज नुसते अंडे उकडून खाते. भात मांडतच नाही." मी विचारलं, तो काही बोलतो का? तर म्हणाला, "बोलते ना. एसी बिघडला का, असं बोलते." मालन आत होती, तिला वाटलं गंमत चालली आहे. सुगत मला फोनवर सगळं ठीक आहे म्हणतो. तू जाणार हे त्याने अजून सांगितलेलं नाही. तू जाऊ नयेस म्हणून मी हे लिहितो आहे असं समजू नकोस. जायचं असेल तर जा. पण जे धरून तू जाते आहेस त्यातला अर्धा भाग खोटा आहे, आणि तो खोटेपणा माझा आहे.

तुमचं लग्न आपल्या विहारात झालं तो दिवस मला आठवतो. मे महिना, एवढं ऊन की मंडपाचं कापड तापलं होतं. तुझा थोरला भाऊ तीन दिवसांचा प्रवास करून आला, आणि त्याने सगळ्यांच्या गळ्यात पांढरे रेशमी रुमाल घातले. माझ्याही घातला. लोक विचारत होते, बाबुलाल, सून कुठली आणली? मी मोठ्या तोऱ्यात सांगत होतो, नेपाळची आहे, पण आपल्याच धम्माची आहे, त्यांच्या घरात दहा पिढ्यांपासून बुद्ध आहे, आपल्याकडे तर छप्पन सालापासून. भिक्खूंच्या मागून तू पंचशील म्हणालीस तेव्हा तुझे उच्चार आमच्यापेक्षा सरळ होते. मी तेव्हा खुश होतो. खोटं नाही सांगत. माणूस एकाच आठवड्यात खुशही असतो आणि मनात दुसरंही ठेवतो.

माझा धंदा तुला सुगतने सांगितला असेल. एकतीस वर्षं मी धान खरेदी केंद्रावर काट्यावर होतो. पोतं आलं की त्याच्या पोटात लोखंडी परखी खुपसायची, मधलं धान बाहेर काढायचं, हातावर घ्यायचं, फुंकायचं, दाताखाली धरायचं. कारण लोक वर चांगलं धान भरतात आणि मध्ये ओलं, नाही तर फोल. शंभर पोत्यांतलं एक तसं निघायचं, पण खुपसायची शंभरही पोत्यांत. ही सवय हाताला लागली ती गेली नाही. आणि दुसरंही सांगतो, जे मी मुलांनाही कधी सांगितलं नाही. पहिली काही वर्षं मोठे शेतकरी माझ्या काट्यावर विश्वास ठेवत नव्हते. माझ्या वस्तीवरून ते मला ओळखायचे. काटा बरोबर असायचा, तरी म्हणायचे, "बाबुलाल, उतरव आणि पुन्हा ठेव." माझ्या आधीच्या माणसाला कोणी तसं म्हणत नव्हतं. मी उतरवायचो आणि पुन्हा ठेवायचो. घरी येऊन जेवायचो नाही. म्हणजे काही केलेलं नसताना कोणी आपल्यावर संशय घेतला की किती लागतं, ते मला माहीत होतं. तरी मी तेच तुझ्यासोबत केलं.

तुम्ही दोघं बारा दिवस राहून परत निघालात तेव्हा मी चिन्नोर तांदळाच्या पिशवीत एक चिठ्ठी टाकली होती. सुगतसाठी. फोनवर सांगता येत नव्हतं, त्याचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो आणि तू शेजारी असतेस. वाटलं, चिठ्ठी बरी. दिलमायाच्या हाती लागली तरी काय, नेपाळची मुलगी, तिला मराठी अक्षर कुठून कळणार. माझ्या डोक्यात नेपाळी लिहिणं म्हणजे काही तरी चिनी-तिबेटीसारखं. तुझ्या पोथीतली अक्षरं मी पाहिली होती ना, ती तशीच होती. तुमच्या शाळेत आमचीच बाराखडी शिकवतात हे मला सत्तरीत कळलं, आणि कसं कळलं ते तुला माहीतच आहे.

चिठ्ठीत काय होतं ते तू वाचलं आहेस. तरी माझ्या हाताने पुन्हा लिहितो, नाही तर ते चिठ्ठीमागेच लपून राहील. मी लिहिलं होतं की बायकोला पगाराचा खरा आकडा सांगू नकोस. एटीएम कार्ड हातात देऊ नकोस. दोघांच्या नावाने खातं काढू नकोस. हिला तीन भाऊ आहेत, हिचा पैसा डोंगरावर जाईल आणि मागून तुझाही जाईल. परक्या मुलखातली बाई कधी निघून गेली तर कोणाच्या दारात जाऊन विचारशील? एक वाक्य सोन्याबद्दल होतं, ते शेवटी लिहितो. आता तूच पाहा. तुझे भाऊ तुझा पैसा खातील याची मला काळजी होती, आणि ज्या घरात बसून मी ही काळजी करत होतो त्याच्या छपरावर स्लॅब पडला तो सुगतच्या पैशातून. त्या पैशात तुझे किती होते, हे मी कधी विचारलं नाही. मुलाने बापाला पाठवलं तर ते कर्तव्य, आणि मुलीने बापाला पाठवलं तर ती गळती, असा माझा हिशोब होता. तुझा बाप तर दोन्ही पायांनी अधू.

तुम्ही पोचल्यावर आठ दिवसांनी मी सुगतला फोनवर हळूच विचारलं, "पिशवी उघडली का रे?" तो म्हणाला, "हो बाबा, मस्त मोकळा झाला भात." मी समजलो, पोराला चिठ्ठी मिळाली आणि बायको जवळ आहे म्हणून तो असं बोलतो आहे. मी मनात म्हटलं, हुशार आहे. पुढे दोन महिन्यांनी त्याने सांगितलं की आता खोलीचं भाडं अर्धं-अर्धं, किराणा अर्धा-अर्धा, तिचा डबा वेगळा आणि माझा वेगळा. आवाज जरा उतरलेला होता. मला मात्र बरं वाटलं. माझं ऐकलं, असं वाटलं. मालन म्हणाली, "नवराबायकोत अर्धं-अर्धं काय असते जी? मीठही मोजून घेतात का?" मी तिला म्हटलं, तुला बाहेरचं जग कळत नाही. तू रविवारी मालनला फोन करायचीस तो हळूहळू कमी झाला, मग सणापुरता राहिला. मला त्याचंही काही वाटलं नाही. उलट वाटलं, दिसला हिचा खरा रंग.

दिलमाया, आता एक गोष्ट नीट वाच. सुगतला ती चिठ्ठी कधीच मिळाली नाही. तू पिशवी उघडलीस, तूच वाचलीस आणि तूच ठेवून घेतलीस. तुला वाटलं असेल की बाप असं लिहितो म्हणजे मुलाशी आधी बोलणं झालेलं असेल, हे दोघांचंही मत असेल. नव्हतं. चिठ्ठीचं कळल्यावर हर्षाने त्याला फोनवर सरळ विचारलं, "बाबांची चिठ्ठी मिळाली होती का तुले?" तर तो म्हणाला, "कोणती चिठ्ठी, ताई?" हर्षा म्हणते, त्याला खोटं बोलता येत नाही, लहानपणीही त्याचे कान लाल व्हायचे. तिने विषय बदलला आणि फोन ठेवला. म्हणजे अडीच वर्षं तू भाडं वेगळं ठेवलंस ते त्याने काय केलं म्हणून, हे त्या पोराला आजही माहीत नाही. तो समजतो की तुला त्याचा कंटाळा आला.

डिसेंबरमध्ये तुझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. तू सुगतकडून निरोप पाठवलास की आपल्या लग्नानंतर आमाकडे ठेवलेली माझ्या आईची कानातली तिकडून येणाऱ्या कोणाच्या हाती पाठवा, भावाच्या लग्नात घालायची आहेत. मालनने पेटी उघडली. फडक्यात एकच निघालं. त्या दिवशी घरात जे झालं ते कसं सांगू. तिने पेटी उलटी केली, गाद्या झटकल्या, तांदळाच्या कोठीत हात घालून पाहिलं, उंदराच्या बिळात काडी घातली. शेजारच्या वच्छलाला बोलावून आणलं. दोघी जमिनीवर बसून रडायला लागल्या. मालन सारखी म्हणत होती, "तिच्या मायचं होतं. मले आमा म्हणून देल्लं होतं." मी खाटेवर बसलो होतो. मी म्हटलं, तीच एक घेऊन गेली असेल. मालनने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "एक कानातलं कोण नेते जी? लंगडं सोनं कोणाच्या कामाचं?" मी म्हटलं, त्यांच्यात रीत असेल, एक इथे ठेवायचं, एक तिथे. आणि संध्याकाळी सुगतला फोन करून हेच सांगितलं. वर असंही म्हटलं की आता आमच्यावर आळ येईल, तू तिला विचारून घे.

त्याने तुला विचारलं. काय शब्दांत विचारलं ते मला माहीत नाही. तो मुळात भांडणारा नाही, भीत भीतच विचारलं असेल. तू उत्तर दिलं नाहीस. दुसऱ्या दिवशी तू बॅग भरून गेलीस, आणि तिसऱ्या दिवशी हर्षाच्या फोनवर माझ्या चिठ्ठीचा फोटो आला. खाली तू आमच्याच अक्षरांत एक ओळ लिहिली होतीस, 'यो बाबाको अक्षर हो?'

हर्षा सकाळच्या बसने आली. चप्पल न काढता आत आली आणि फोन माझ्यासमोर धरला. म्हणाली, "बाबा, हे अक्षर कोणाचं हाय?" मालन चुलीजवळ होती, तिला वाचता येत नाही, ती विचारत होती, काय झालं, सुगत बरा आहे ना? आधी मी ती ओळ वाचली. नेपाळी, पण मला समजली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही वाचते. अडीच वर्षांपासून वाचून बसली आहे. आणि दिलमाया, मी म्हटलं, "मले काय मालूम." हर्षा म्हणाली, "खरं सांगा." मी म्हटलं, कोणी तरी माझ्या नावाने लिहिलं असेल, मला ऊठसूट विचारू नका. माझ्या पोरीला मी तिच्या पहिल्या वर्गात हात धरून अक्षरं शिकवली, ती माझं अक्षर ओळखणार नाही? तिने फोन पदराला पुसून पिशवीत ठेवला, आईला म्हणाली, काही नाही, कंपनीचं पत्र आहे. पाणीसुद्धा न पिता परत गेली. तुला तिने काय उत्तर पाठवलं, पाठवलं की नाही, मला विचारायची हिंमत नाही.

आता सोन्याचं वाक्य. मी लिहिलं होतं, 'हिचं सोनं पोकळ आहे, आत लाख भरली आहे, सोन्यातच फसवणारे लोक पैशात काय करणार नाहीत.' ते वाचताच तुला कळलं असणार की कानातलं उघडल्याशिवाय हे कोणाला दिसत नाही. लग्नानंतर आठव्या दिवशी हर्षा तुला तिच्या घरी घेऊन गेली होती, तेव्हा मालनच्या पेटीतून ती जोडी मी काढली आणि तुमसरला नेली. मोहाडीत कोणी पाहील म्हणून तुमसर. सोनाराने कसोटीवर घासून पाहिलं, म्हणाला, "काका, सोनं खरं आहे. मोठ्या दागिन्याची बनावट अशीच असते, वर पत्रा, आत लाख. तुमच्या आईच्या हातातल्या गोठात काय होतं?" माझ्या आईच्या गोठातही लाखच होती, दिलमाया. मी लहानपणी ती वितळताना पाहिली आहे. तरी मी म्हटलं, एक उघडा. तो म्हणाला, उघडलं तर परत तसं बसणार नाही. मी म्हटलं, उघडा. ते उघडलेलं कानातलं अडीच वर्षं माझ्या जुन्या कामाच्या पेटीत पडून होतं. मालन उंदराच्या बिळात काडी घालत होती तेव्हा ती पेटी माझ्या खाटेखाली होती. आणि तू सुगतला उत्तर दिलं नाहीस, कारण उत्तरात त्याच्या बापाचं नाव घ्यावं लागलं असतं. हे समजायला मला अडीच महिने लागले नाहीत, फोटो आला त्याच दिवशी समजलं होतं. परवा मालनला सांगितलं. मी म्हटलं, भंडाऱ्याला एक कारागीर आहे, लाख भरून, जोड देऊन आणतो, मग पाठवू. ती म्हणाली, "नका जोडू. जसं केलं तसंच पाठवा." म्हणून भैय्यालालच्या हाती दोन्ही पाठवतो आहे. एक चांगलं आहे, दुसऱ्याचा पत्रा आणि लाखेचे तुकडे सोनाराच्या गुलाबी कागदात तसेच आहेत. तुझ्या भावाचं लग्न तर होऊन गेलं, त्या दिवशी तुझे कान कसे होते याचा विचार मनातून जात नाही. सुगतला मी अजून काही सांगितलेलं नाही. आधी तुला सांगणं होतं, कारण चोर तुला ठरवलं होतं. हे पत्र त्याला दाखव किंवा नको दाखवू, तुझ्यावर आहे. दाखवलंस आणि त्याने मला फोन करून विचारलं, तर या वेळी मी नाही म्हणणार नाही. तू विचारलं होतंस, बाबाचं अक्षर आहे का. हो, माझंच आहे. भैय्यालाल वीस तारखेला निघतो, एकवीसला तुझ्या हातात देईल. तू सायप्रसला जा, सुगतकडे जा, तुझ्या माहेरी जा, मी काही मागत नाही. फक्त वस्तू मिळाली एवढी एक ओळ ईदच्या आधी लिहून पाठव, नेपाळीत लिहिलीस तरी मला वाचता येईल. लवकर कळव, पोरी.

तुझाच,
बाबुलाल